जेम्स स्टुअर्टचा आठवड्याचा पगार आणि अर्धा वाटा

हॉलिवूडचा जुना नट जेम्स स्टुअर्ट याचं नाव निघालं की लोकांना त्याची अडखळत बोलण्याची लकब आठवते, सहा फूट तीन इंचांचा सडसडीत देह आठवतो, दिग्दर्शक हिचकॉकबरोबरचे चार सिनेमे आठवतात. ते सगळं खरंच आहे. पण 1939 मध्ये भाबडा, तत्त्वनिष्ठ तरुण वाटणारा हा नट 1950 नंतर एकदम सूडानं पेटलेला, हात थरथरणारा, अर्धवट भ्रमिष्ट माणूस कसा काय साकारू लागला, हे समजून घ्यायचं तर त्याच्या करारांकडे बघावं लागतं. पहिल्या करारात त्याचा वेळ कंपनीच्या मालकीचा होता. दुसऱ्यात तो स्वतः धंद्यात भागीदार होता.

स्टुअर्ट 1908 मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या इंडियाना नावाच्या गावात जन्मला. वडिलांचं हार्डवेअरचं दुकान होतं. प्रिन्स्टनमधून 1932 मध्ये वास्तुशास्त्राची पदवी घेतली. देश मंदीत होता आणि इमारती बांधायला कोणाकडे पैसा नव्हता. मग उन्हाळी नाटकमंडळी, हेन्री फोंडाबरोबर न्यूयॉर्कात एका खोलीत राहणं, ब्रॉडवेवरच्या छोट्या भूमिका. 1935 मध्ये मेट्रो-गोल्डविन-मायर, म्हणजे एमजीएमनं त्याला आठवड्याला 350 डॉलरवर घेतलं. मंदीच्या काळात ही रक्कम गलेलठ्ठच. त्या कागदावर मात्र बरंच काही लिहिलेलं असे.

सात वर्षांचा करार, पण कोणाला बांधणारा?

त्या काळच्या हॉलिवूड कराराला ‘सात वर्षांचा करार’ म्हणत. नाव ऐकून वाटतं की सात वर्षांची नोकरी पक्की. प्रत्यक्षात नट सात वर्षं बांधलेला असे आणि स्टुडिओ फक्त सहा महिने किंवा वर्षभर. मुदत संपत आली की करार पुढे चालवायचा की नटाला घरी पाठवायचं हे स्टुडिओ ठरवी. याला ‘ऑप्शन’ म्हणत. ऑप्शन उचलला तर पगार ठरलेल्या पायरीनं वाढे. पायऱ्याही सही करतानाच छापलेल्या असत. त्यामुळे मधल्या काळात नट देशभर गाजला तरी त्याला त्या वर्षाच्या पायरीचाच पगार. आणि सिनेमे पडले तर ऑप्शन उचलला जाणार नाही, विषय संपला.

‘आठवड्याचा पगार’ या शब्दांतही मेख होती. साधारणपणे वर्षाच्या 52 आठवड्यांपैकी 40 आठवड्यांच्या पगाराची हमी असे. उरलेले 12 आठवडे बिनपगारी बसवण्याचा अधिकार स्टुडिओला असे. म्हणजे 350 डॉलरचा हिशेब वर्षाला 18,200 होत नाही, 14,000 होतो. त्या बिनपगारी आठवड्यांतही दुसरीकडे काम करायची मुभा नसे.

भूमिका कुठली करायची हेही स्टुडिओच ठरवी. नटानं नकार दिला तर निलंबन: पगार बंद, बाहेर काम बंद. आणि यातलं सगळ्यात जाचक कलम म्हणजे निलंबनाचे आठवडे कराराच्या शेवटी जोडले जात. चार महिने भांडलात तर सात वर्षांची झाली सात वर्षं चार महिने. गैरहजेरी भरून काढायला लावणारी कडक मास्तरांची शाळाच ती, फक्त शाळा कधी सुटणार ते कोणालाच ठाऊक नाही.

आपल्याकडेही चित्र फार वेगळं नव्हतं. कोल्हापुरात 1929 मध्ये सुरू झालेली आणि 1933 मध्ये पुण्याला आलेली ‘प्रभात’ कलाकारांना मासिक पगारावर बांधून घेत असे, आणि 1939 मध्ये शांता आपटे यांनी कंपनीशी झालेल्या वादातून स्टुडिओच्या फाटकावरच उपोषण केलं होतं. हॉलिवूडच्या नटांनी उपोषण केलं नाही, ते कोर्टात गेले. त्याकडे येऊच.

उसना दिलेला नट

एमजीएमकडे नटनट्यांची एवढी गर्दी होती की स्टुअर्टसारख्या उंच, किडकिडीत, ना धड नायक ना धड विनोदी दिसणाऱ्या माणसाचं काय करायचं हे त्यांना सुरुवातीला कळेना. पहिल्या मोठ्या सिनेमात तो बातमीदार, 1936 च्या एका संगीतपटात फरारी खुनी, त्याच वर्षी दुसऱ्या संगीतपटात चक्क गाणारा खलाशी. गाण्याबद्दल न बोललेलं बरं.

पगार तर चालूच होता. मग स्टुडिओ अशा नटाला दुसऱ्या स्टुडिओला उसना देई. याला ‘लोन-आउट’ म्हणत. हिशेब असा: समजा नटाचा पगार आठवड्याला 500 डॉलर. दुसरा स्टुडिओ त्याला आठ आठवड्यांसाठी मागतो. मूळ स्टुडिओ आठवड्याला 1,000 डॉलर लावतो, 8,000 वसूल करतो, नटाला त्यातले 4,000 देतो आणि 4,000 खिशात घालतो. नटाला वेगळी दमडी नाही. (हे आकडे समजण्यापुरते धरले आहेत, व्यवहाराची रीत मात्र हीच.) सिनेमा पडला तर नुकसान दुसऱ्याचं. चालला तर आपल्या नटाचा भाव वाढलेला, तोही फुकटात.

स्टुअर्टच्या बाबतीत ही उसनवारीच वरदान ठरली. 1938 मध्ये कोलंबिया स्टुडिओनं दिग्दर्शक फ्रँक काप्रासाठी त्याला मागून घेतलं आणि त्या सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. 1939 मध्ये पुन्हा कोलंबिया, पुन्हा काप्रा: ‘मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन’. सिनेटमध्ये तासन् तास उभं राहून बोलणाऱ्या तरुण सदस्याचा घसा बसत जातो, तो शेवटचा प्रसंग. आवाज नुसता घोगरा काढला तर कॅमेऱ्यासमोर खोटं वाटतं, म्हणून स्टुअर्टनं डॉक्टरकडून घशात पाऱ्याच्या क्षाराचं द्रावण लावून घेतलं. त्यानं स्वरतंतू सुजले आणि बोलताना खरोखरच कष्ट पडू लागले. पारा विषारी असतो, आज कुठल्याही सेटवर असलं काही खपवून घेतलं जाणार नाही. पण पडद्यावर दिसणारा तो घसा खरा बसलेला आहे, आणि त्या कामासाठी त्याला ऑस्करचं पहिलं नामांकन मिळालं. त्याच वर्षीचा त्याचा पहिला गाजलेला वेस्टर्न, म्हणजे काउबॉयपट, युनिव्हर्सल स्टुडिओचा. म्हणजे त्याला तारा बनवणारी कामं बहुतेक परक्यांच्या घरची. एमजीएमला उशिरा जाग आली, तेव्हा 1940 मध्ये ‘द फिलाडेल्फिया स्टोरी’ आला आणि त्यातल्या कामासाठी ऑस्कर मिळालं. ती बाहुली वडिलांनी गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात मांडून ठेवली.

युद्ध, आणि एका नटीनं जिंकलेला खटला

फेब्रुवारी 1941 मध्ये ऑस्कर, मार्च 1941 मध्ये फौज. आधी वजन कमी भरलं म्हणून त्याला परत पाठवलं होतं. वजन वाढवून तो पुन्हा गेला आणि साधा शिपाई म्हणून भरती झाला. त्याच्याकडे वैमानिकाचा परवाना आधीपासून होता. पुढे बी-24 बॉम्बफेकी विमानांच्या तुकडीबरोबर इंग्लंडमधल्या टिबेनहॅमच्या तळावरून त्यानं जर्मनीच्या ताब्यातल्या प्रदेशावर हल्ले केले. त्याच्या नावावर 20 मोहिमा नोंदल्या आहेत. चार वर्षांत शिपायाचा कर्नल झाला. 1959 मध्ये राखीव दलात ब्रिगेडियर जनरल.

तो असा बाहेर असताना कॅलिफोर्नियाच्या कोर्टात जे घडलं त्याचा त्याच्या पुढच्या आयुष्याशी थेट संबंध आहे. ऑलिव्हिया डी हॅविलंड वॉर्नर ब्रदर्सकडे करारावर होती. तिनं काही भूमिका नाकारल्या, निलंबनं झाली, आणि सात वर्षं उलटल्यावर स्टुडिओ म्हणाला की निलंबनाचे आठवडे अजून बाकी आहेत. 1943 मध्ये तिनं दावा लावला. तिच्या आधी बेट डेव्हिस 1936 मध्ये इंग्लंडच्या कोर्टात याच वॉर्नरशी भांडून हरली होती. डी हॅविलंडच्या बाजूनं मात्र कॅलिफोर्नियाच्या कामगार कायद्यातलं एक छोटं कलम होतं: व्यक्तिगत सेवेचा करार सात वर्षांपलीकडे माणसावर लादता येत नाही.

सगळा वाद ‘सात वर्षं’ म्हणजे काय यावर होता. स्टुडिओ म्हणे, प्रत्यक्ष काम केलेली सात वर्षं. ती म्हणे, भिंतीवरच्या कॅलेंडरची सात वर्षं. डिसेंबर 1944 मध्ये अपील कोर्टानं कॅलेंडरच्या बाजूनं कौल दिला. खटला चालू असताना वॉर्नरनं इतर स्टुडिओंना कळवून तिचं काम बंद पाडलं होतं, त्यामुळे तिची जवळपास दोन वर्षं कोरडी गेली. नंतर तिनं दोन ऑस्कर मिळवली. कलम तिच्या नावानं ओळखलं जातं आणि आजही वापरात आहे.

युद्धावर गेलेल्या नटांना हा निकाल फळला, कारण सैन्यातला काळ करारातून वजा करून नंतर भरून घेण्याची वाटच बंद झाली. स्टुअर्ट 1945 मध्ये परतला तेव्हा 1935 च्या सहीला दहा वर्षं झाली होती. एमजीएमशी त्यानं नवा करार केला नाही.

मोकळा नट आणि पडलेले सिनेमे

स्वातंत्र्याचे पहिले दिवस काही सुखाचे नव्हते. 1946 मध्ये काप्राच्या स्वतःच्या कंपनीसाठी केलेला ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ आज नाताळला घरोघरी लागतो, पण तेव्हा तो तोट्यात गेला. (तो घरोघरी पोचला याचं एक कारण अगदी कारकुनी आहे: 1974 मध्ये स्वामित्वहक्काचं नूतनीकरण करायचं राहून गेलं आणि टीव्ही केंद्रांना तो जवळजवळ फुकट दाखवता येऊ लागला.) पुढचे दोन-तीन सिनेमेही फारसे चालले नाहीत. स्टुअर्ट चाळिशीत, केस विरळ होऊ लागलेले, आणि भोळ्या तरुणाच्या भूमिका आता शोभेनात.

स्टुडिओंचीही हवा गेली होती. प्रेक्षकसंख्येचा कळस 1946 मध्ये होऊन गेला होता आणि टीव्ही घरात शिरत होता. त्यातच मे 1948 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं पॅरामाउंट खटल्यात निकाल दिला की सिनेमे बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी थिएटरांची मालकी सोडावी. आधी स्वतःच्या थिएटरांत स्वतःचा माल हमखास खपत होता, म्हणून शेकडो पगारी माणसं पोसणं परवडत होतं. ती हमी गेल्यावर पगारपत्रक म्हणजे नुसतं ओझं झालं.

1950 चा करार

याच वेळी युनिव्हर्सलला स्टुअर्ट हवा होता: ‘हार्वे’ या गाजलेल्या नाटकावरच्या सिनेमासाठी आणि ‘विंचेस्टर 73’ या वेस्टर्नसाठी. त्याचा भाव दोन लाख डॉलरच्या आसपास होता आणि युनिव्हर्सलच्या तिजोरीत तेवढी रोकड मोकळी नव्हती. त्याचा एजंट, एमसीए कंपनीचा ल्यू वॉसरमन यानं तोडगा काढला: वेस्टर्नसाठी स्टुअर्ट मानधन घेणार नाही, त्याऐवजी नफ्यातला अर्धा वाटा घेईल. शिवाय दिग्दर्शक आणि सहकलाकारांच्या निवडीत त्याचा शब्द राहील.

‘नफ्यात वाटा घेणारा पहिला नट’ असं त्याला सर्रास म्हटलं जातं, ते चूक आहे. विनोदी नट मार्क्स बंधूंना तिसाच्या दशकातच वाटा मिळत होता, आणि मेरी पिकफर्ड, फेअरबँक्स, चॅप्लिन यांनी ग्रिफिथबरोबर 1919 मध्ये स्वतःची वितरण कंपनीच काढली होती. 1950 च्या कराराचं वेगळेपण त्याच्या परिणामात आहे. सिनेमा चालला, स्टुअर्टला सहा लाखांच्या आसपास मिळाले, आणि दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक एजंट हाच मसुदा काखेत घेऊन स्टुडिओत जाऊ लागला.

वाटा कसा मोजतात ते एका काल्पनिक सिनेमावर बघू. खर्च 10 लाख डॉलर. तिकीटविक्री 60 लाख. त्यातले निम्मे थिएटरवाल्यांचे, म्हणून कंपनीकडे येतात 30 लाख. इथून वजाबाकी सुरू होते. वितरणाचं शुल्क 30 टक्के, म्हणजे 9 लाख. प्रिंटा आणि जाहिरात 4 लाख. कर्जावरचं व्याज 50 हजार. उरले साडेसोळा लाख. त्यातून बनवण्याचा खर्च 10 लाख काढला की निव्वळ नफा साडेसहा लाख, नटाचा अर्धा वाटा सव्वातीन लाख. दोन लाखांच्या ठरीव मानधनापेक्षा सव्वा लाख जास्त. पण तिकीटविक्री 60 ऐवजी 35 लाख झाली असती तर? कंपनीकडे साडेसतरा लाख, शुल्क सव्वापाच लाख, बाकी खर्च तोच, आणि हातात राहिलेले पावणेआठ लाख मूळ खर्चालाही पुरत नाहीत. नटाला शून्य. मानधनाला हात न लावता काम करणं म्हणजे काय जोखीम असते ती इथे कळते.

घोळ होतो तो ‘निव्वळ’ या शब्दात. वर धरलेल्या 60 लाखांच्या सिनेमालाच आता थोडा वेगळा हिशेब लावा: शुल्क 35 टक्के, म्हणजे साडेदहा लाख. जाहिरात साडेपाच लाख. व्याज एक लाख. आणि बनवण्याच्या खर्चावर स्टुडिओच्या इमारती, कारकून, वीज यांचा भार म्हणून 20 टक्के, म्हणजे खर्च झाला 12 लाख. तीस लाखांतून हे सगळं गेलं की उरतो एक लाख. नटाला पन्नास हजार. सिनेमा तोच, गल्ला तोच. म्हणून करारात वाट्याची टक्केवारी वाचण्याआधी ‘कशातून काय वजा करायचं’ ही व्याख्या वाचावी लागते. याउलट गल्ल्यातूनच, म्हणजे कंपनीकडे आलेल्या रकमेवर, 10 टक्के मिळणार असतील तर दोन्ही हिशेबांत तीन लाख पक्के. पुढच्या पिढीतले बडे तारे गल्ल्यातला वाटा मागू लागले ते यामुळेच. 1988 च्या ‘कमिंग टू अमेरिका’नं जगभरात पंचवीस कोटी डॉलरांहून जास्त गल्ला जमवला आणि तरी पॅरामाउंटच्या वहीत निव्वळ नफा शून्य होता. 1990 मध्ये कोर्टानं त्या करारातल्या हिशेबाच्या कलमांवर ताशेरे ओढले.

मग स्टुअर्टचा वाटा निव्वळ नफ्यातला असूनही त्याला कसा फळला? एक तर सिनेमा स्वस्त होता, कृष्णधवल आणि बेताच्या खर्चाचा. दुसरं म्हणजे मसुदा वॉसरमनसारख्या माणसानं तपासलेला. आणि तिसरा मुद्दा कराचा. पन्नासच्या दशकात बहुतेक वर्षं अमेरिकेत प्राप्तिकराचा सर्वांत वरचा दर 91 टक्के होता. एका वर्षात सहा लाख घेतले तर वरच्या टप्प्यातल्या प्रत्येक डॉलरचे नऊ सेंट हातात राहणार. नफ्यातला वाटा मुळातच सिनेमा फिरेल तसा हप्त्याहप्त्यानं येतो, आणि पैसे अनेक वर्षांत विभागले की दरवर्षीची रक्कम खालच्या टप्प्यांत बसते. एकरकमी मानधनाला ही सोय नव्हती.

वाट्यानं बदललेला नट

निवडीत शब्द मिळाला त्याचा उपयोग स्टुअर्टनं लगेच केला. ‘विंचेस्टर 73’ आधी दिग्दर्शक फ्रिट्झ लांग करणार होता. तो गेल्यावर अँथनी मान आला, तो स्टुअर्टच्या पसंतीनं. दोघांनी 1955 पर्यंत आठ सिनेमे केले, त्यातले पाच वेस्टर्न. भल्या माणसाचा मुखवटा टरकन् फाटून आतला संताप बाहेर येतो, असा स्टुअर्ट या सिनेमांत पहिल्यांदा दिसतो. ‘विंचेस्टर 73’ मध्ये तो एका गुंडाचं डोकं दारूच्या गुत्त्यात काउंटरवर दाबून धरतो, तेव्हा त्याचे डोळे बघा. पगारी नोकर असताना एमजीएमनं त्याला असं करू दिलं नसतं. भाबडा तरुण हा त्यांचा विकाऊ माल होता, आणि माल कोण बिघडवून घेतो?

या वेस्टर्नमध्ये त्याचा घोडा मात्र वर्षानुवर्षं एकच, ‘पाय’ (इंग्रजी Pie) नावाचा. तो त्यानं विकत मागितला, पण मालकिणीनं दिला नाही. म्हणजे स्वतः उसनवारीतून सुटलेला नट पुढची वीसेक वर्षं उसन्या घोड्यावर बसला.

हिचकॉकच्या ‘रिअर विंडो’मध्ये (1954) स्टुअर्ट आणखी एक पायरी चढला: सिनेमाच्या मालकीत हिचकॉकबरोबर त्याचाही हिस्सा. ‘व्हर्टिगो’ (1958) त्या वेळी जेमतेम चालला, आज समीक्षक त्याला डोक्यावर घेतात. या दोन्हींसकट हिचकॉकचे पाच सिनेमे हक्कांच्या कारणानं वर्षानुवर्षं कपाटात बंद होते आणि 1983 पासून पुन्हा थिएटरांत आले. तोवर एमसीएनं युनिव्हर्सल विकतच घेतली होती, 1962 मध्ये. युनिव्हर्सलशी घासाघीस करणारा वॉसरमन आता तिचा सर्वेसर्वा होता.

मालकीसोबत मालकाची डोकेदुखीही आली. ‘रिअर विंडो’ कॉर्नेल वुलरिचच्या 1942 च्या एका कथेवर आधारलेला. 1945 मध्ये वुलरिचनं सहा कथांचे चित्रपट-हक्क मिळून 9,250 डॉलरना विकले होते. 1953 मध्ये स्टुअर्ट-हिचकॉकच्या कंपनीनं या कथेचे हक्क 10,000 डॉलरना घेतले. तेव्हाच्या कायद्यात स्वामित्वहक्क 28 वर्षांचा असे आणि नंतर नूतनीकरण करावं लागे. वुलरिचनं नूतनीकरणानंतरचे हक्कही देण्याचं कबूल केलं होतं, पण मुदत यायच्या आधी, 1968 मध्ये तो वारला. त्याच्या मालमत्तेच्या विश्वस्त बँकेनं नूतनीकरण केलं आणि तो हक्क शेल्डन अबेंड या साहित्य-एजंटाला विकला. मेलेल्या माणसाचं वचन नव्या हक्कदाराला बांधतं का, यावर खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्याचं नाव ‘स्टुअर्ट विरुद्ध अबेंड’. एप्रिल 1990 मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल लागला: बांधत नाही. सिनेमा दाखवून कमावलेल्या पैशात आता अबेंडचाही हक्क उभा राहिला. त्यानं बँकेला रोख दिले होते 650 डॉलर, आणि वर पुढच्या कमाईतले दहा टक्के कबूल केले होते.